१० मीटर रायफल, आजोबांची बारा बोर आणि परवाना: सोलापूरच्या नेमबाजांनो, सांगा जरा

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण घरात दोन्हींचा गुंता झालाय म्हणून एकाच धाग्यात टाकतो.

लेक तेरा वर्षांची. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेला पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ मिळालं तेव्हापासून तिच्या डोक्यात रायफल बसलीय. शाळेतर्फे १० मीटर एअर रायफल खेळायचं म्हणते. नेटवर बघितलं तर किमती कुठून कुठे जातात कळेना. कोणती घ्यावी? परवाना लागतो का? घरात ठेवली तर काही भानगड?

दुसरा प्रश्न आजोबांच्या बंदुकीचा. गाव बार्शी तालुक्यात. तिथल्या जुन्या माळवदाच्या घरात त्यांची बारा बोरची दुनळी आहे, रीतसर परवान्याची. आजोबा गेल्या वर्षी वारले. बंदूक अजून कपाटातच, किल्ली काकांकडे. काका म्हणतात असू दे, घराण्याची खूण आहे. धाकटा भाऊ म्हणतो, पोरगी नेमबाज झाली की परवाना तिच्याच नावावर करून घेऊ. मला काही हे पटत नाही. जाणकारांनी बोलावं.

दहा_पॉइंट_नऊ

मालक, दुनळीचं दुसरे सांगतील, मी रायफलीचं सांगतो. बरीच वर्षं रेंजवर काढलीत, हल्ली पोरांना शिकवतो.

आत्ता काही घेऊ नका. कुठल्याही बऱ्या रेंजवर क्लबच्या रायफली असतात, पहिले काही महिने त्यांवरच काढा. त्या काळात मुलगी उभं राहायला शिकेल. हसू नका, या खेळात निम्मं काम उभं राहण्याचंच आहे. एअर रायफलीचं वजन नियमात साडेपाच किलोपर्यंत चालतं आणि स्पर्धेतल्या बहुतेक रायफली चार-पाच किलोच्या असतात. मोठ्यांच्या स्पर्धेत ६० गोळ्या ७५ मिनिटांत, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि सरावाची. एवढा वेळ ते ओझं दंडावर पेलवत नाही. डाव्या हाताचं कोपर कंबरेच्या हाडावर टेकवायचं, पाठीला थोडा बाक द्यायचा आणि वजन हाडांवरून सरळ जमिनीत सोडायचं. हे एकदा जमलं की मग नेमाच्या गोष्टी.

लक्ष्याचा अंदाज देतो. कागदावरचा दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा आणि आपलं पेलेट, म्हणजे छर्रा, साडेचार मिलिमीटरचं. म्हणजे ठिपका पेलेटखाली पूर्ण झाकला जातो. म्हणूनच रायफलीत गुण दशांशात मोजतात, एका गोळीला जास्तीत जास्त १०.९, साठ गोळ्यांना ६५४. माझं टोपणनाव तिथूनच आलंय, कर्तृत्वातून नव्हे.

आता बंदुका. स्वस्तातल्या त्या स्प्रिंगच्या, नळी मोडून भरायच्या. चाप ओढला की आतला पिस्टन धावतो, रायफल मागे-पुढे हिसका देते, आणि तेवढ्या वेळात पेलेट अजून नळीतच असतं. नवशिक्याला समजतच नाही की चूक हाताची की बंदुकीची. अंगणात डबे पाडायला ठीक, शिकायला त्रासदायक. दुसऱ्या पीसीपी. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबाची हवा भरलेली असते, रेग्युलेटर प्रत्येक गोळीला तेवढीच हवा सोडतो, धक्का जवळपास नसतो. सगळा खेळ आज यांवरच चालतो. भारतीय बनावटीत प्रिसिहोलच्या क्लब रायफली बऱ्याच ठिकाणी दिसतात, शाळकरी मुलांना पुरतात. पुढे वॉल्थर, एफडब्ल्यूबी, आन्शुट्झ, स्टेयर ही मंडळी, दोन-अडीच लाखांच्या पुढची. ती पोरगी राज्य स्पर्धेत टिकायला लागल्यावर.

घेताना ब्रँडपेक्षा दस्ता बघा. बट, म्हणजे खांद्याला टेकणारं मागचं टोक, मागे-पुढे आणि वर-खाली होतो का, गालाची पट्टी सरकते का. तेराव्या वर्षी बसवलेलं माप पंधराव्या वर्षी बसत नाही. जुनी घेणार असाल तर सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, नंतर तो बदलावाच लागतो आणि तो खर्च विकणारा कधी सांगत नाही. आणि सगळ्यात आधी मुलीचा प्रबळ डोळा कोणता ते तपासा. उजव्या हाताच्या मुलीचा डावा डोळा प्रबळ निघाला तर सुरुवातीलाच ठरवावं लागतं की डाव्या खांद्यावर शिकवायचं की डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची.

काळा_चष्मा

सर, एक शंका. ऑनलाइन हजार फूट वेगाच्या एअर गन मिळतात, आणि तुमच्या लाखांच्या रायफली म्हणे त्याच्या निम्म्या वेगाच्या! मग जास्त पैसे कशाचे? .२२ ची एअर गन पण बघून ठेवलीय, दणका भारी आहे.

दहा_पॉइंट_नऊ

भावा, १० मीटरवर कागदाला भोक पाडायला दणका लागत नाही. मॅच रायफल पेलेटला सेकंदाला साधारण १७० मीटर वेग देते, ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास. पैसे एकसारखेपणाचे. पन्नासाव्या गोळीला पहिल्या गोळीइतकाच वेग, आणि ट्रिगर इतका हलका की विचार केला की सुटतो. एअर पिस्तुलाला ट्रिगरचं किमान वजन ५०० ग्रॅमचं बंधन आहे, एअर रायफलीला तेही नाही. वेग वाढला, पेलेट आवाजाच्या वेगाजवळ गेलं की ते डगमगतं आणि कागदावरच्या भोकांचा गट फुटतो.

.२२ चं म्हणशील तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ म्हणजे साडेचार मिलिमीटरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंतची एअर गन विनापरवाना ठेवता येते. कॅलिबर किंवा ताकद त्यावर गेली की परवाना आलाच. ती .२२ ची घेऊन घरी आलास तर खेळाडू नाहीस, आरोपी आहेस. विकणाऱ्यानं सांगितलं नाही ही सबब ठाण्यात चालत नाही.

माळरान

काळा चष्मा, गन घेऊन मारणार कुठं ते सांग आधी. दर हिवाळ्यात नान्नजच्या बाजूला, हिप्परग्याच्या तलावाकाठी ‘सहज निशाणा बघतोय’ म्हणणारी पोरं एअर गन घेऊन फिरताना दिसतात. नान्नज हे माळढोकाचं अभयारण्य आहे, आज माळढोक दिसणंच नशिबाचं झालंय. काळवीट तिथं कळपानं आहेत आणि ते १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात. तितर, ससा, कवडी काहीही मारलं तरी शिकारच. बंदुकीला परवाना लागत नाही म्हणजे पक्षी मारायला लागत नाही असं नव्हे. अरुणाचलात २०२१ मध्ये सरकारनं एअर गन जमा करायची मोहीम काढली आणि लोकांनी आपणहून त्या जमा केल्या, तेही पक्षी संपत चालले म्हणून.

काळा_चष्मा

अहो माळरान, मी डबेच पाडणार होतो. एवढं अंगावर काय येताय?

माळरान

डबे गच्चीवर पाड. मागं भिंत असू दे आणि शेजाऱ्याची गच्ची नसू दे.

गृहशाखा_निवृत्त

जुळे सोलापूरकर, आता दुनळीचं. नोकरीची बरीच वर्षं याच फायलींत गेली, म्हणून जरा विस्तारानं लिहितो.

परवाना माणसाच्या नावचा असतो. आजोबा गेले, परवाना संपला. तेव्हापासून ती बंदूक कपाटात असणं हा विनापरवाना ताबा आहे, आणि किल्ली काकांकडे आहे म्हणजे ताबा काकांचा. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २१ सांगतं की ताबा कायदेशीर राहिला नाही की हत्यार विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदुकीला किमान दोन वर्षं, पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. घाबरवत नाही. घरात माणूस गेल्यावर बंदुकीची आठवण कुणाला राहते, हे ठाण्यातल्या लोकांनाही ठाऊक असतं. आपणहून जमा करायला येणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. धाडीत सापडली तर मात्र गोष्ट वेगळी.

करायचं असं: गावच्या हद्दीतल्या ठाण्यात आधी अर्ज द्या, सोबत मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना. त्यांना विचारून मगच बंदूक न्या, रिकामी, गवसणीत, काडतुसं वेगळ्या डब्यात. पावतीवर बनावट, बोर, नळीवरचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहून घ्या. नुसतं ‘एक नग बंदूक’ लिहिलेली पावती घेऊन परत येऊ नका, पुढे त्यावरून फार भांडणं होतात. ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत ओलीनं नळी गंजते, म्हणून जमत असेल तर विक्रेत्याकडे ठेवा. तो भाडं घेतो, पण तेल लावून ठेवतो.

मग घरात बसून ठरवा. कुणाला हवी असेल तर वारस म्हणून परवान्याचा अर्ज करता येतो, बाकीच्या वारसांचं ना-हरकत लागतं. कुणालाच नको असेल तर परवानाधारकाला किंवा विक्रेत्याला विकता येते. नियमांत अशीही सोय आहे की परवानाधारकाला ७० वर्षं पूर्ण झाली किंवा हत्यार बाळगून २५ वर्षं झाली की हयातीतच वारसाच्या नावे करता येतं. ज्यांच्या घरी म्हातारे परवानाधारक आहेत त्यांनी हे वाचून आजच वडिलांशी बोलावं.

तुमच्या भावाला सांगा, मुलीच्या नावावर काही होत नाही. परवान्याला वय २१ पूर्ण लागतं. खेळाडू मुलांना बारा वर्षांपासून सूट आहे, पण ती खेळाच्या हत्याराला आणि देखरेखीखालच्या सरावाला. वारशाची दुनळी त्यात बसत नाही.

आणि एक सोलापुरी गोम. तुम्ही जुळे सोलापुरात राहता, म्हणजे आयुक्तालयाच्या हद्दीत. अर्ज तुमच्या नावानं असेल तर तो पोलीस आयुक्तांकडे. काका गावीच राहतात आणि त्यांच्या नावानं असेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे, गृहशाखेत. कितीतरी लोक चुकीच्या दारात महिने घालवतात. पोलिसांचा अहवाल, वैद्यकीय दाखला, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र दोन्हीकडे लागतं. परवाना राष्ट्रीय डेटाबेसमध्ये चढून त्याला यूआयएन, म्हणजे त्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळायला हवा, नसेल तर तो वैध नाही.

दहा_पॉइंट_नऊ

यात एक भर. बारा बोर हा खेळातलाच बोर आहे, ट्रॅप आणि स्कीटमध्ये मातीच्या उडत्या तबकड्या बारा बोरनंच फोडतात. २००४ ला अथेन्समध्ये राज्यवर्धन राठोड यांनी डबल ट्रॅपचं रौप्य मिळवलं ते त्याच बोरवर. पण त्या बंदुकीच्या नळ्या एकावर एक असतात आणि दस्ता मापाचा बनवलेला असतो. आजोबांची शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी तिथं नेऊन काही साधणार नाही.

बागायतदार_मोहोळ

वाचतोय. आम्ही वस्तीवर राहतो, रात्री मोटार चालू करायला जावं लागतं, ऊसतोडीच्या टायमाला घरात रोकड असते. रिव्हॉल्व्हरचा अर्ज करावा म्हणतो. कोणती घ्यावी ओ? निर्भीक का अशनी? ९ एमएम मिळंल का? रानडुकरांचा पण त्रास लई हाय, त्यालाबी उपेगी पडंल.

गृहशाखा_निवृत्त

बागायतदार, ९ एमएम विसरा, ते प्रतिबंधित बोर. सामान्य माणसाला .३२ मिळतं. निर्भीक .३२ चं हलकं रिव्हॉल्व्हर, अशनी .३२ चं पिस्तूल, दोन्ही सरकारी कारखान्यांची. पण आधी परवाना, मग पसंती. लोक उलटं करतात, दुकानात जाऊन हत्यार बघून येतात आणि मग अर्जात कारण शोधतात.

तुम्हाला धोका आहे हे कागदावर दाखवावं लागेल. आधीची तक्रार, चोरीचा गुन्हा, वस्तीचं अंतर, काहीतरी ठोस. ‘रोकड असते’ एवढ्यावर अधिकारी विचारतील की बँकेत का ठेवत नाही. नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं आणि त्यावर अपील आहे. स्वसंरक्षणाला किमान २० इंच लांब गुळगुळीत नळीची बंदूक आणि पीकसंरक्षणाला ठासणीची, यांचा कायद्यात वेगळा उल्लेख आहे. वस्तीवरच्या माणसाला मी नेहमी लांब नळीच्या बंदुकीचा अर्ज करायला सांगत आलोय. अधिकाऱ्यालाही ते पटतं.

माळरान

आणि डुकराला रिव्हॉल्व्हर मारू नका. जखमी डुक्कर माणसावर येतं. शिवाय वनखात्याच्या परवानगीशिवाय तोही गुन्हा. करमाळ्यात २०२० च्या डिसेंबरमध्ये माणसं मारणारा बिबट्या टिपला गेला तोही मुख्य वन्यजीव रक्षकांच्या आदेशानंच, कुणी आपल्या मनानं नव्हे.

बागायतदार_मोहोळ

बरं बरं. डुकराचं राहू द्या. तारेचं कुंपणच करतो.

बार्शीचा_वकील

थोडी भर घालतो. एका परवानाधारकाला आता दोनच हत्यारं. पूर्वी तीन चालत, २०१९ च्या दुरुस्तीनं तिसरं जमा करायला लावलं. नामांकित नेमबाजांना खेळासाठी यापेक्षा जास्त ठेवता येतात, तो वेगळा हिशोब. परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षं झाली. लोक त्यामुळे नूतनीकरण विसरायला लागलेत, मुदतीच्या दोन महिने आधी अर्ज टाका.

वरातीत हवेत बार काढणं हा आता स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आमच्या भागात लग्नसराईत अजूनही ‘एकच काढतो’ म्हणणारे मामा भेटतात. आणि निवडणूक लागली की हत्यार जमा करायची नोटीस येते. छाननी समिती ठरवते कुणाचं जमा करायचं, सरसकट नाही. स्पर्धा खेळणाऱ्यांनी आपलं नेमबाजी संघटनेचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्रक लावून वेळेत अर्ज दिला तर सहसा सूट मिळते. नोटीस उशीत घालून झोपलात तर मिळत नाही.

धागाकर्त्यासाठी: एअर रायफल विनापरवाना असली तरी उघडी नेऊ नका. सोलापुरात सण, मोर्चा, जयंती आली की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचे आदेश निघतात. रिक्षात पोरीच्या खांद्यावर रायफल दिसली तर पोलीस थांबवणारच. कुलपाची पेटी, आत बिल आणि रेंजचं ओळखपत्र.

होटगी_रोडची_आई

माझी मुलगी शालेय स्पर्धा खेळते, म्हणून आईच्या बाजूनं लिहिते. इथं सगळे बंदुकीवर बोलतात, खर्च मात्र जॅकेटचा येतो. कॅनव्हासचं जाड जॅकेट, पँट, सपाट तळाचे बूट, हातमोजा. मे महिन्यात पारा ४३ वर असताना ते जॅकेट घालून तासभर उभं राहायचं. आम्ही उन्हाळ्यात सकाळी साडेसहाची वेळ घेतो. भरलेला सिलिंडर गाडीत ठेवायचा नाही, उन्हात दाब वाढतो.

स्पर्धांचं असं की शाळेतून जिल्हा, मग पुणे विभाग, मग राज्य. ओपन साइट (उघड्या खाचेतून नेम) आणि पीप साइट (बारीक भोकातून नेम) असे दोन गट असतात, सुरुवात ओपन साइटनं केली तर खर्च कमी. संघटनेकडून वेगळी वाट आहे, राज्य स्पर्धा, मग मावळणकर, मग राष्ट्रीय. ज्यांच्या नावानं ती स्पर्धा ते दादासाहेब मावळणकर, पहिल्या लोकसभेचे सभापती. रायफल असोसिएशन १९५१ मध्ये त्यांनीच उभी केली, हे मला मुलीनं सांगितलं. मोठ्या सामन्यांना पुण्याला बालेवाडीला जावं लागतं, हुतात्मा एक्स्प्रेसचं तिकीट आधी काढून ठेवा.

दहावीला क्रीडागुण मिळतात, नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे, हे खरं. पण त्यासाठी पाठवू नका. घरी रोज वीस मिनिटं नुसती रिकामी रायफल धरून उभं राहायचं असतं, गोळी न मारता. गुणांसाठी आलेली पोरं तिथंच कंटाळून जातात.

काळा_चष्मा

तेजस्विनी सावंत कोल्हापूरची, २०१० ला म्युनिकमध्ये विश्वविजेती. राही सरनोबत कोल्हापूरची, २०१८ ला एशियाडचं सोनं. कुसाळे राधानगरीकडचा. सगळे तिकडचेच. आपल्याकडं काय बे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी?

दहा_पॉइंट_नऊ

काय बे, पाण्याचा दोष काढू नकोस. कोल्हापुरात एकानं पदक आणलं की दुसऱ्या पोराच्या बापाला खर्च करायचं धाडस येतं, तेवढाच फरक. कुसाळे शिकला नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत, सराव पुण्यात, पदक मिळालं तेव्हा नोकरी मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची होती. पॅरिसला पात्रता फेरीत सातवा होता, अंतिम फेरीत ४५१.४ करून तिसरा आला. गुडघ्यावर, पालथं आणि उभं, तिन्ही स्थितींत ५० मीटरवर .२२ ची खरी काडतुसं मारायची असतात त्यात. तशी ५० मीटरची रेंज आपल्या पोरांना रोजच्या सरावाला मिळत नाही, पोलीस आणि राखीव दलाची मैदानं त्यांच्या त्यांच्यासाठी. ही खरी अडचण आहे. १० मीटरला हॉल पुरतो, तिथं आपण मागं राहायचं कारण नाही.

जुळे_सोलापूरकर (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काकांना हा धागा मोठ्यानं वाचून दाखवला. ‘ताबा काकांचा’ हे वाक्य आल्यावर किल्ली लगेच बाहेर आली. बंदूक ठाण्यात जमा केली, पावतीवर नंबर लिहून घेतला. नळीवरचा नंबर आणि परवान्यावरचा नंबर यांत एक आकडा वेगळा निघाला, हवालदारांनी शेरा मारून घेतलाय. याचं पुढे काय होतं?

लेकीचं नाव रेंजवर घातलं. डावा डोळा प्रबळ निघाला.

गृहशाखा_निवृत्त

जुन्या हस्तलिखित परवान्यांत असं पुष्कळ होतं. खरेदीची पावती किंवा आधीच्या नूतनीकरणाची नोंद शोधा, मूळ नंबर तिथं सापडेल. त्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज वारसाच्या अर्जासोबतच द्या. विकायची ठरली तरी हे आधी करा, विक्रेता नंबर जुळल्याशिवाय हात लावणार नाही.

होटगी_रोडची_आई

डावा डोळा असेल तर आमच्याकडचं जुनं जॅकेट उपयोगाचं नाही, ते उजव्या खांद्याचं आहे. बूट मात्र चालतील, ३६ नंबर. निरोप टाका.